तापाचा खाडा धरू नका

सकाळी साडेसहाला सिरप पाजून शाळेत पाठवलेलं मूल मला साडेदहाच्या सुमारास ओळखू यायचं. पहिले दोन-तीन तास ते इतरांसारखंच असतं. हजेरीला ‘उपस्थित बाई’ म्हणतं, वही काढतं, शेजारच्याशी कुजबुजतं. मग छोट्या सुट्टीत डबा उघडत नाही. सुट्टी संपता संपता डोळे पाणावतात, कानाच्या पाळ्या लाल होतात, आणि पुढच्या तासाला डोकं बाकावर टेकलेलं असतं. पॅरासिटामॉलचा अंमल ४ ते ६ तास. तो ओसरला की ताप पुन्हा चढतो. तोवर शेजारचा मुलगा त्याच्याच बाटलीतून दोनदा पाणी प्यालेला असायचा, आणि पावसाचे शिंतोडे येतात म्हणून वर्गाच्या खिडक्या सकाळपासून बंद.

आईला फोन लावला की पलीकडून दबका आवाज यायचा, “बाई, सकाळी नव्हता हो ताप.” खोटं नव्हतं ते. सकाळी ताप उतरलेलाच असायचा. एक आई लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात कामाला होती. चार माणसांचं दुकान. “या महिन्यात दोन खाडे झालेत बाई, आता तिसरा झाला तर...” एवढं बोलून ती थांबायची. मूल शिपाईमामांच्या स्टुलाशेजारी दप्तराला टेकून दुपारपर्यंत बसून राहायचं.

मी पुण्यात २८ वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी बक्षीस समारंभात १०० टक्के उपस्थितीचं बक्षीस असायचं आणि वर्गाच्या कॅटलॉगवरून ती यादी मीच काढायचे. मुलांना त्या बक्षिसाचं फार अप्रूप. सातवीतला एक मुलगा तापाने फणफणलेला असताना “बाई, घरी पाठवू नका, माझी एकही गैरहजेरी नाही” म्हणून रडला होता. तेव्हा मला त्याच्या जिद्दीचं कौतुक वाटलं. आज वाटतं, आपण त्याला आणि त्याच्या बाकावरच्या दोघांना काय शिकवत होतो?

माझं म्हणणं असं आहे. ताप आलेल्या माणसाला पहिले तीन दिवस घरी राहता आलं पाहिजे, आणि त्या तीन दिवसांचा खाडा कुठेही धरला जाऊ नये. शाळेत नाही, दुकानात नाही, आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या ताईंचाही नाही. हे मी दयेपोटी मागत नाही. विषाणू पसरतो कसा, याचं ज्ञानच इथवर आणून सोडतं.

विषाणूला सजीव म्हणावं की नाही, यावर अजून वाद आहे. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. आनुवंशिक मजकुराचा एक तुकडा, त्यावर प्रथिनाचं कवच, आणि फ्लू किंवा करोनासारख्या विषाणूंच्या बाबतीत वरून स्निग्ध पदार्थाचं एक आवरण. साबणाने हे आवरण फुटतं, म्हणून हात धुण्याचा इतका आग्रह. फ्लूचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे दहा हजार ओळीने मावतील. जिवाणूचं तसं नसतं. त्याचा स्वतःचा संसार असतो, भिंत असते, प्रथिनं बनवायची सोय असते. अँटिबायोटिक नेमका त्या संसारावर घाव घालतं, आणि विषाणूला संसारच नसल्यामुळे त्याच्यापुढे ते निकामी ठरतं. मुलांना मी सांगायचे, बांडगूळ निदान स्वतःची पानं तरी काढतं. विषाणू कोकिळेसारखा. आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात ठेवतो आणि पुढचं सगळं कावळ्याकडून करून घेतो. फ्लूचा विषाणू नाकाघशातल्या पेशींना चिकटतो, आत शिरतो, आणि ती पेशी आपलं काम टाकून त्याच्या प्रती काढत बसते. काही तासांत नव्या प्रती बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात.

पण या सगळ्यात पाय, पंख, शेपूट काहीच नाही. विषाणू कोथरूडहून हडपसरला स्वतः जाऊ शकत नाही. त्याला कोणीतरी न्यावं लागतं. कधी डास नेतो, कधी पाणी नेतं, आणि श्वसनाच्या आजारांत माणूस नेतो, खोकत, शिंकत, नुसतं बोलतसुद्धा. म्हणून साथीच्या दिवसांत माणसाला कामावर, वर्गात, बसमध्ये कोण ढकलतंय हे बघावं लागतं.

आणि केव्हा ढकलतंय, हेही. फ्लूची लागण झाल्यावर साधारण १ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून माणूस विषाणू बाहेर टाकायला लागतो, पण सर्वांत जास्त टाकतो तो आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत. लहान मुलं तर त्यानंतरही बरेच दिवस टाकत राहतात. ताप ही आपल्या शरीराची खटपट असते. पेशींनी दिलेल्या संदेशांवरून मेंदू शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो. सिरपने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. सिरप घेऊन वर्गात आलेल्या मुलाला बरं वाटतं म्हणून ते हसतं-बोलतं, चार जणांत मिसळतं. न घेतलेलं मूल अंथरुणात पडून राहिलं असतं. औषध देण्यात काहीच वावगं नाही, ते जरूर द्यावं. त्याच्या जोरावर मुलाला दप्तर देऊन बाहेर काढणं वाईट.

यावर हमखास ऐकू येतं, “लक्षणांच्या आधीच पसरतं म्हणता, मग घरी बसून काय उपयोग?” याचं उत्तर मी नववीच्या फळ्यावर मांडायचे. २००९ सालचा फ्लू एका रुग्णाकडून सरासरी सुमारे दीड माणसाला लागत होता. दीड हा आकडा किरकोळ वाटतो. पण दीड गुणिले दीड असं दहा वेळा करत गेलं, तर दहाव्या फेरीत एकाचे जवळजवळ ५८ होतात, आणि फ्लूची एक फेरी तीनेक दिवसांची धरली तर हे महिन्याभरात घडतं. आता दर पाच संसर्गांपैकी फक्त दोन टळले असं धरा. दीडाचा ०.९ होतो. दहाव्या फेरीत एक अख्खा रुग्णही उरत नाही, साथ आपोआप विझते. म्हणजे सगळे संसर्ग रोखायची गरजच नसते. घरी बसलेल्या मुलाने आदल्या दिवशी दोघांना दिलाच असेल, तरी पुढच्या तीन दिवसांतले वाचले, आणि साथीचं गणित तिथेच फिरतं. हे गणित मी फळ्यावर करून दाखवायचे आणि तरीही मार्चमध्ये कॅटलॉग उघडून ती यादी काढायला बसायचे. मला याचा आजही त्रास होतो.

२००९ पुणेकर विसरले नसतील. ऑगस्टच्या सुरुवातीला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि गेली ती एक शाळकरी मुलगी होती. शाळा आठवडाभर बंद झाल्या, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, रुमाल-ओढण्यांनी तोंडं बांधलेलं सगळं शहर. शाळा उघडल्यावर काही आठवडे आमच्याकडे शिंक आली तरी मुलाला घरी पाठवत. कोणी हजेरीचा विषय काढला नाही. पुढच्या जूनमध्ये मात्र बक्षिसांची यादी पुन्हा नोटीस बोर्डावर लागली, त्यात १०० टक्के उपस्थिती होतीच. मृत्यूच्या भीतीपोटी आपण जे शहाणपणाने केलं, ते भीती गेल्यावर तितक्याच सहज सोडून दिलं.

आणि हे त्या गावात, जिथे १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, जे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. करोनाचा विषाणू भारतात पहिल्यांदा वेगळा केला तो याच संस्थेने, २०२० मध्ये. लस बनवणारा जगातला एक मोठा कारखाना हडपसरला आहे. विषाणूंबद्दलचं इतकं ज्ञान शहरात साठलेलं असताना ते शाळेच्या दैनंदिनीपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आजार लपवायला लावला की काय होतं, हे पुण्याएवढं कोणाला ठाऊक असावं? १८९७चा प्लेग जिवाणूचा, उंदरांवरच्या पिसवांमधून पसरणारा, त्याची जात वेगळी. पण रँडच्या कमिटीचे सोल्जर घराघरांत घुसून झडती घेऊ लागले, रोगी सापडला की इस्पितळात आणि घरचे छावणीत, तेव्हा लोकांनी काय केलं? रोगी लपवले. मृत्यूसुद्धा लपवले. आजारी असल्याची किंमत इतकी वाढवून ठेवली की खरं सांगणं परवडेनासं झालं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्यापासून कोणाला रोगी लपवावासा वाटला असेल, असं मला वाटत नाही.

आजच्या पुण्यात सोल्जर नाहीत, पण खाडा आहे. करोनात सोसायट्यांनी कामवाल्या ताईंना महिनोन्‌महिने गेटबाहेर ठेवलं, कित्येकींचे पगार थांबले. परत घ्यायला लागले तेव्हा गेटवर कपाळासमोर यंत्र धरून ताप मोजायचे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई खूप नंतर एकदा बोलून गेल्या, “ताई, कणकण वाटली की मी घरातूनच गोळी घेऊन निघायचे. गेटवर परत पाठवलं तर पाचही घरचा खाडा पडतो.” पाच घरं! एका सकाळी पाच स्वयंपाकघरं, पाच कणकेच्या पराती, दोन घरांत सत्तरीपुढचे आजी-आजोबा. त्यांना दोष देण्याआधी मी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर त्यांचे खाडे माझ्याच अक्षरात फुल्या मारून लिहिलेले होते.

या शहरात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. पगारी सुटी ही तेव्हापासूनची मागणी आहे. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण आजारपणाची पगारी रजा त्यातून त्यांच्या हाती पडली नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, पण लक्ष्मी रोडवरच्या त्या चार माणसांच्या दुकानाला ती तरतूद लागू होत नाही. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, तोही त्या योजनेत असलेल्यांनाच. म्हणजे ज्यांचा रोजच्या रोज सर्वांत जास्त माणसांशी संबंध येतो, ज्या पोळ्या लाटतात, मुलं सांभाळतात, म्हाताऱ्यांना आंघोळ घालतात, त्यांनाच आजारी पडायची मुभा सर्वांत कमी.

“रजा दिली की लोक दांड्या मारतील” ही भीती मी मुख्याध्यापकांकडून ऐकली, शेजाऱ्यांकडून ऐकली. काही जण मारतीलही. पण हिशेब करून बघा. पोळ्यांचे महिना ३,००० रुपये देणाऱ्या घरात तीन दिवसांचे ३०० रुपये होतात. घरातल्या चौघांना फ्लू झाला तर नुसती डॉक्टरांची फी किती, हे ज्याचं त्याने मोजावं. आणि अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, तापाचं सोंग आणणाऱ्या मुलांपेक्षा ताप लपवणारी मुलं मी कितीतरी जास्त पाहिली.

दाखल्याची अटही नको. ताप आला की पहिल्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हटलं, तर आपण आजारी माणसाला कुठे पाठवतो? ज्या अरुंद खोलीत तान्ही मुलं, गरोदर बायका आणि मधुमेहाचे रुग्ण तासभर बसलेले असतात, तिथे. गोवराचा विषाणू रुग्ण उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहू शकतो, आणि लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याची बाधा होते. शिवाय चिठ्ठीसाठी गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, अँटिबायोटिकची पट्टी घेऊन येतो. डॉक्टरांकडे जावं ते गरज म्हणून. धाप लागली, मूल पाणीही पिईना, सुस्त पडलं, ताप तीन दिवसांनी उतरेना, तर तडक जावं. मस्टरवरच्या सहीसाठी जाऊ नये.

“मुलं आजारी पडायचीच, त्यातूनच प्रतिकारशक्ती येते,” असंही पालकसभेत कोणीतरी म्हणतंच. फ्लूच्या विषाणूचा मजकूर ८ तुकड्यांत असतो आणि त्याच्या नकला काढताना भरपूर चुका होतात. त्या चुकांमुळे त्याचं रूप दरवर्षी थोडं बदलतं आणि गेल्या वर्षीची ओळख यंदा पुरती उपयोगी पडत नाही. प्रतिकारशक्ती लसीनेही येते, आणि त्यासाठी घरातल्या आजींना न्यूमोनियाचा धोका पत्करावा लागत नाही. वर्गात मुलाने मिळवलेल्या ‘शक्ती’ची किंमत बहुधा घरात दुसरंच कोणी मोजतं.

तापाची रजा प्रत्येक विषाणूला पुरेल, असा माझा दावा नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. तिथे बोट पाण्याकडे होतं, आणि दूषित पाण्यावर उत्तर नळातच द्यावं लागतं, क्लोरीन घालून, जलवाहिन्या दुरुस्त करून. पण त्याच नोरोव्हायरसने उलट्या होणारा माणूस दुसऱ्या दिवशी खाणावळीत भाजी चिरायला बसला तर? या विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात. त्याला स्निग्ध आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही, साबणाने हात चोळून धुवावे लागतात. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस त्याने स्वयंपाकाला हात लावू नये. हे सांगणं सोपं आहे. त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार, याचं उत्तर मिळेपर्यंत तो भाजी चिरणारच.

डेंग्यूची गोष्ट वेगळी वाटते, कारण तो माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. पण तापाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, तेव्हा चावलेली एडिस डासाची मादी तो उचलते आणि आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्यांना द्यायला लागते. हा डास दिवसा चावतो. म्हणजे डेंग्यूच्या रुग्णाने दिवसा मच्छरदाणीत पडून राहणं हे त्याच्यापेक्षा त्याच्या गल्लीसाठी जास्त गरजेचं. कामावर गेलेला माणूस मच्छरदाणी बरोबर नेत नाही.

जपानमधली एक पद्धत मला फार पटते. तिथे फ्लू झालेल्या शाळकरी मुलाने आजार सुरू झाल्यापासून ५ दिवस आणि ताप उतरल्यावर आणखी २ दिवस पूर्ण होईपर्यंत शाळेत यायचं नसतं, आणि ते दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. हजेरीपटात त्यांची नोंदच वेगळी होते. यासाठी खर्च काय आला? वहीत एक रकाना.

आपल्याकडेही सुरुवात तिथूनच होऊ शकते, आणि त्याला मंत्रालयाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. जूनच्या पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी सांगावं की तापाचे तीन दिवस गैरहजेरीत धरले जाणार नाहीत, चिठ्ठी लागणार नाही, बुडलेला अभ्यास वर्गशिक्षिका वहीवर लिहून देतील, आणि १०० टक्के उपस्थितीचं बक्षीस यंदापासून नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत एक ठराव व्हावा की घरकाम करणाऱ्या ताईंचे तापाचे तीन दिवस कोणतंही घर कापणार नाही. एकट्या घराने ठरवून भागत नाही, पाचांपैकी चार घरांनी खाडा धरला तर पाचव्याच्या चांगुलपणाचा त्यांना उपयोग नसतो. छोट्या दुकानांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. चार माणसांतला एक घरी बसला तर मालकही अडतो, म्हणून तिथल्या तीन दिवसांच्या पगारात सरकारने वाटा उचलायला हवा. आणि मुलाला ताप आला तर आईची किंवा वडिलांची रजाही तापाचीच धरावी. सहा वर्षांचं मूल घरी एकटं बसत नाही.

लक्ष्मी रोडवरच्या त्या आईला मी फोनवर एवढंच म्हणू शकले होते, “जमलं तर लवकर या.” ती दीड वाजता आली, दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत, धावत. मुलाला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरताना तिने मागे वळून विचारलं, “बाई, उद्याची मांडणार का हो गैरहजेरी?” मी मांडली होती.